आईची वही चौथ्यांदा

आमचा धाकटा भाऊ संगणकावर काम करतो आणि दर तीन-चार वर्षांनी, नेमका दिवाळीच्या फराळाला बसला असताना, मला एकच वाक्य ऐकवतो: ‘ताई, ते सगळं नव्यानं लिहावं लागेल.’ २०१३ साली हे वाक्य पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला त्याचे कौतुकच वाटले होते. २०१६ साली ऐकले तेव्हा राग आला. २०२० साली ऐकले तेव्हा मात्र हातातली चकली ताटात ठेवून मी आत निघून गेले.

‘ते सगळं’ म्हणजे आमच्या आईची वही. आई कोकणातल्या एका मोठ्या घरातून आली आणि वडिलांच्या बदल्यांबरोबर फिरत फिरत अखेर डोंबिवलीच्या दोन खोल्यांत स्थिरावली. तिथे ओटी नव्हती, माजघर नव्हते, फडताळ नव्हते. ‘वस्तू गेल्या त्या गेल्या, पण नावं का म्हणून जावीत?’ असे म्हणून तिने एका दोनशेपानी वहीत शब्द लिहायला घेतले. एका ओळीवर शब्द, खालच्या ओळीवर अर्थ. अर्थही तिच्याच तऱ्हेचे. ‘घडवंची – हिच्यावर पाण्याच्या घागरी. लहान मुलांनी चढू नये.’ ‘वैल – चुलीच्या कडेचे दुसरे तोंड. ह्याच्यावर काही उकळत नाही, पण निवतही नाही.’ मी मराठी शिकवते. पुष्कळ कोश चाळून झाले आहेत, पण लहान मुलांना दम भरणारा कोश मी दुसरा पाहिला नाही.

ही वही २००९ साली धाकट्याने वेबवर चढवली. तेव्हापासून आजवर तिने चार अवतार घेतले, आणि वेबची पाने बांधण्याच्या कलेत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे जे घडले ते मला त्या चार अवतारांमुळे थोडेबहुत कळले. संगणकाविषयी मी बोलू लागले की माझे विद्यार्थी तोंडाला रुमाल लावतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी खुशाल लावावा.

वेबचे पान खुणांनी लिहितात. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, अशी प्रत्येक मजकुराला खूण असते आणि ब्राउझर ती खूण ओळखून मजकूर मांडतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली या खुणांची पहिली यादी जाहीर केली तेव्हा त्या अवघ्या १८ होत्या. जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे वाचता यावीत एवढाच त्यांचा उद्योग, तेव्हा तेवढ्या पुरल्या. पण पुढे लोकांना वेबवर तिकिटे काढायची होती, खरेदी करायची होती, तारखा निवडायच्या होत्या. एकावर एक सरकणारे कप्पे, उघडणारी-मिटणारी चौकट, दिनदर्शिका यांना त्या भाषेत शब्दच नव्हता. ज्याला हवे त्याने ते आपापल्या घरी घडवावे, अशी रीत पडली. घरोघरी घडवायचे म्हणजे घरोघरी बिघडायचेही.

त्यावर उपाय निघाला तो लायब्रऱ्यांचा. लायब्ररी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे कपाटे येतात, पण ही लायब्ररी म्हणजे अनारशाचे तयार पीठ. भिजवणे-कुटणे दुसऱ्याने केलेले, आपण फक्त तळायचे. याहू कंपनीने २००६ साली आपले असे पीठ सर्वांना खुले केले. त्याच वर्षी जॉन रेसिग या तरुणाने जेक्वेरी आणली, आणि २००७ साली तिच्या जोडीला जेक्वेरी यूआय आली. तीत कप्पे, दिनदर्शिका, चौकटी सारे तयार. आईच्या वहीचा पहिला अवतार त्यातलाच. पानावर शब्दांची ओळ, आणि शब्दावर टिचकी मारली की खाली अर्थ उलगडे. धाकट्याने मोठ्या हौसेने आईला दाखवले. ती चष्मा सावरून म्हणाली, ‘अर्थ लपवायचा कशाला रे? मी तर उघडा लिहिला होता.’

त्या काळच्या या घटकांची (धाकटा त्यांना ‘कॉम्पोनंट’ म्हणतो, मी सवयीने घटक म्हणते) खरी गोम ही की ते बहुरूपी होते. पानात प्रत्यक्ष लिहिलेला असे एक साधा बिननावाचा डबा. लायब्ररी मागून येऊन त्याला कप्प्याचे सोंग चढवी. ब्राउझरला विचारले तर तो म्हणे, डबा आहे.

दुसरा अवतार २०१३ चा. ट्विटरमधल्या मार्क ओट्टो आणि जेकब थॉर्नटन या दोघांनी २०११ च्या ऑगस्टमध्ये बूटस्ट्रॅप नावाचा संच खुला केला होता. मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावरही पान नीट बसावे ही त्याची करामत, आणि ती एवढी सोयीची की बघता बघता जगातली पाने एकमेकांची जुळी भावंडे दिसू लागली. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, आईंची वही अगदी आमच्या शिकवणीवर्गाच्या पानासारखी दिसते हो!’ तिने ते स्तुती म्हणून म्हटले होते.

याच सुमारास दुसरी एक अडचण सगळ्यांना भेडसावू लागली. पानावरचे रंगरूपाचे नियम सगळे एकाच अंगणात नांदत. दोन ठिकाणांहून दोन घटक आणले आणि दोघांनीही आपल्या नियमाला ‘बटन’ हेच नाव दिले असले, की एकाचा रंग दुसऱ्यावर चढे. चाळीतल्या एका नळावर दोन बिऱ्हाडांच्या सारख्याच कळशा असाव्यात, त्यातला प्रकार.

मग घटकांचे खरे युग आले. २०१३ च्या मे महिन्यात फेसबुकने रिॲक्ट खुले केले. पान म्हणजे घटकांची जुळणी, घटकाच्या पोटात घटक, ही दृष्टी त्याने हजारो लोकांना दिली. तिचा उपकार मोठाच आहे. पण रिॲक्टचा घटक रिॲक्टच्याच घरात चाले, दुसऱ्या चौकटीचा तिच्याच घरात. एका घरची खुंटी दुसऱ्या घरच्या भिंतीला बसेना.

याच वेळी काही माणसांच्या डोक्यात निराळाच विचार घोळत होता, आणि भाषेची मास्तरीण म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. सोंगे किती काळ चढवायची? त्यापेक्षा ब्राउझरलाच नवे शब्द शिकवता आले तर? लेखकाने आपली खूण घडवावी, तिचा अर्थ सांगावा, आणि ब्राउझरने ती आपल्या मूळच्या खुणांइतकीच मानावी. मायक्रोसॉफ्टने १९९८ सालीच असा एक प्रस्ताव मांडला होता, पण तो त्यांच्याच ब्राउझरपुरता राहिला. गूगलच्या ॲलेक्स रसेल यांनी २०११ साली अॅमस्टरडॅमच्या एका परिषदेत हा विचार ‘वेब कॉम्पोनंट’ या नावाने नव्याने मांडला. २०१३ साली गूगलने त्यासाठी पॉलिमर नावाची लायब्ररी काढली. तिच्या घटकांची नावे मोठी मजेदार: काही लोखंडाचे, काही कागदाचे, काही सोन्याचे, काही प्लॅटिनमचे. आईच्या वहीतली भांडीसुद्धा इतक्या धातूंची नव्हती.

भाषेत नवे शब्द आणणे किती जिकिरीचे, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. शिवाजीमहाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे दिली आणि पुढे राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात सुमारे १३८० शब्द. प्रत्यक्ष छत्रपतींची आज्ञा! तरीही ‘पेशवा’ हा शब्द पुढची दीडशे वर्षे लोकांच्या तोंडून हलला नाही. उलट सुरनिसाचा ‘सचिव’ आणि वाकनिसाचा ‘मंत्री’ हे शब्द आज मुंबईच्या मंत्रालयात सुखाने बसले आहेत. शब्द कुणी घडवला यापेक्षा तो किती जणांनी उचलला, यावर सारे असते.

वेबवर उचलणारे म्हणजे ब्राउझर, आणि ते चार घरचे चौघे. पॉलिमरच्या मागची योजना चार खांबांवर उभी होती, आणि चौथा खांब होता एका पानात दुसरे पान आयात करण्याचा. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०१४ च्या डिसेंबरात सांगून टाकले की हा आम्ही उभा करणार नाही. बाकीच्या तीन खांबांपैकी दोहोंचाही आराखडा वाद घालून घालून बदलावा लागला. नव्या आराखड्याचे शब्द क्रोमने २०१६ साली मानले, सफारीने २०१७ साली, फायरफॉक्सने २०१८ च्या ऑक्टोबरात. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० च्या जानेवारीत क्रोमच्याच पायावर उभा राहिला आणि चौथे घर आपोआप जमले. २०११ ला निघालेली वरात २०२० ला मांडवात पोचली. मधल्या काळात पॉलिमरची पहिली, दुसरी, तिसरी आवृत्ती निघाली, आणि तिसरीबरोबर २०१८ साली तिच्याच कर्त्यांनी सांगितले की नव्या कामाला आता ही नको, आमची धाकटी घ्या. ती धाकटी म्हणजे आजची लिट. स्वतःची गरज संपवण्यासाठीच लिहिलेली लायब्ररी! कुंजीकारांनी हा आदर्श ठेवायला हरकत नाही.

आता तिसऱ्या अवताराकडे यायला हवे. मी मुद्दामच टाळत होते.

२०१६ साली धाकट्याने वही पुन्हा लिहिली, कुठल्याशा लायब्ररीने. तिचे नाव मी सांगत नाही, कारण ती फुकट वाटणाऱ्यांना मी कोणत्या तोंडाने बोल लावू? पान देखणे झाले. आई तेव्हा पंच्याहत्तरीची होती. वहीत लिहिताना हात कापू लागला म्हणून आठवतील ते शब्द ती फोनवर धाकट्याला सांगे आणि तो थेट संगणकात घाली. असे चाळीसएक शब्द झाले. ते वहीत नाहीत. २०१९ च्या सप्टेंबरात आई गेली.

वर्षश्राद्ध आले ते २०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत. कुणालाच येता येईना. तेव्हा मला सुचले की सगळ्या नातेवाइकांना वहीचा पत्ता पाठवावा, प्रत्येकाने आपापल्या घरी बसून आईचे चार शब्द वाचावेत. पाठवला. अर्ध्या तासाने मावशीचा चिपळूणहून फोन आला. ‘अगं, काही दिसत नाही गं. नुसतं पांढरं आहे. माझ्या डोळ्यांचं तर काही नाही ना झालं?’

मी उघडून पाहिले. पांढरे पान. मथळा नाही, शब्द नाही, काही नाही. आई गेल्यापासून मी ते पान उघडलेच नव्हते, उघडवत नव्हते. धाकट्यानेही दोन वर्षे तिकडे पाहिलेले नव्हते.

झाले होते ते असे. त्या अवतारात पान म्हणजे एक रिकामा डबा होता. लायब्ररी दुसऱ्याच कुणाच्या यंत्रावरून येई आणि तिने आईचे शब्द एका फाइलीतून उचलून डब्यात मांडायचे. तो दूरचा पत्ता बंद झाला. शब्द फाइलीत जागच्या जागी होते, फक्त त्यांना बाहेर बोलावणारे कुणी उरले नव्हते. चाळीसही मिळाले. पण मावशीला मी त्या दिवशी हे समजावू शकले नाही. ‘डोळ्यांना काही झालं नाही मावशी, पानालाच झालंय,’ एवढेच म्हटले.

म्हणून २०२० च्या दिवाळीत ते वाक्य तिसऱ्यांदा आले तेव्हा मी उठून गेले. परत आले तेव्हा मी एकच अट घातली: ‘तुझं सगळं पीठ संपलं तरी आईचे शब्द दिसले पाहिजेत.’ धाकट्याने थोडा वेळ विचार केला. मग म्हणाला, ‘दिसतील. आता ते करता येतं.’

चौथा अवतार त्याने माझ्याशेजारी बसून लिहिला, आणि त्या दोन आठवड्यांत मी जे शिकले ते एम.ए.च्या दोन वर्षांतल्या काही विषयांहून मला अधिक आठवते. नव्या खुणेचे नाव ठेवण्याचा नियमच पाहा. नावात एक संयोगचिन्ह असलेच पाहिजे. का? तर भाषेचे कर्ते नवी खूण काढताना कधीही संयोगचिन्ह वापरणार नाहीत असे ठरले आहे. म्हणजे त्यांचे शब्द एकेरी, आपले सामासिक. दोघांची टक्कर होणे नाही. पाणिनीने ऐकले असते तर मान डोलावली असती. मी विचारले, ‘मराठीत नाव ठेवता येईल का?’ धाकटा चमकला. त्याने शोधून पाहिले आणि हसत सुटला. पहिले अक्षर मात्र रोमन छोट्या लिपीतले हवे, पुढे देवनागरी चालते! तेव्हा आमच्या खुणेचे नाव ‘एम-शब्द’ असे आहे. त्यातला ‘एम’ तेवढा परका, ‘शब्द’ आपला. या नावाने ती खूण चारही ब्राउझरांत नांदते आहे.

मग माजघराची गोष्ट. एकाचा रंग दुसऱ्यावर चढण्याच्या रोगावर तीन खांबांपैकी एक खांब हेच औषध आहे. त्याला शॅडो डॉम म्हणतात. घटकाला स्वतःचे आतले घर मिळते, आणि ओटीवरचे नियम उंबऱ्याआत चालत नाहीत. मी म्हटले, ‘म्हणजे माजघर.’ त्याला हा शब्द आईच्या वहीतूनच ठाऊक होता. अर्थात माजघराची म्हणून गैरसोयही आली. बाहेरून रंग द्यायचा तर आतल्यांनी ठेवलेल्या झरोक्यांतूनच द्यावा लागतो, आणि दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या यंत्रांसाठी आतली मांडणी फार जपून करावी लागते. धाकटा यावर अजून कुरकुरतो.

पण माझी अट ज्याने पुरी केली तो नियम या साऱ्याहून जुना आहे. ब्राउझरला न समजणारी खूण दिसली तर तो रागावत नाही, थांबत नाही. खूण सोडून देतो आणि तिच्या पोटातला मजकूर जसाच्या तसा दाखवतो. म्हणून धाकट्याने या खेपेला आईचे शब्द दूरच्या फाइलीत ठेवले नाहीत; आमच्या खुणेच्या पोटात, पानावरच लिहिले. लायब्ररी आली तर कप्पे उलगडतील, शोध चालेल, अक्षरावर उडी मारता येईल. नाही आली तर साधी ओळ राहील: शब्द आणि खाली अर्थ, उघडा.

त्या पोटातल्या मजकुरासाठी त्याने कोणती खूण वापरली, हे मला त्याने शेवटी सांगितले. १९९१ च्या त्या पहिल्या अठरांतच एक शब्दसंग्रहाची खूण होती. शब्दाला एक, अर्थाला एक. ती आजही चालते. मी म्हटले, ‘मग अकरा वर्षं काय हिंडत होतास?’ तो म्हणाला, ‘ताई, सगळेच हिंडत होते.’ ते खरे असावे. रिॲक्टनेही २०२४ च्या डिसेंबरात आपल्या १९ व्या आवृत्तीत या संयोगचिन्हाच्या घटकांना पुरता प्रवेश दिला. सोयरीक उशिरा झाली, पण झाली.

पान तयार झाले त्या रात्री त्याने माझ्यासमोर ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद केली. म्हणजे लायब्ररीचा गळाच दाबला. आणि पान पुन्हा उघडले. रंग गेले, कप्पे गेले, शोधाची चौकट मुकी झाली. पांढऱ्यावर काळी अक्षरे उरली. ‘घडवंची – हिच्यावर पाण्याच्या घागरी. लहान मुलांनी चढू नये.’ मी लगेच मावशीला फोन लावला. रात्रीचे साडेदहा झाले होते. ती घाबरूनच उठली, मग चष्मा शोधला, मग बराच वेळ काही बोलली नाही. आणि मग म्हणाली, ‘वैलाचं तिनं बरोबर लिहिलंय. पण भात मुरवायला ठेवायचो, ते घाल.’ ते घातले आहे.

यंदाच्या दिवाळीत धाकटा आला, ताट पुढे ओढले, चिवड्यातले खोबरे नेहमीसारखे आधी वेचले आणि म्हणाला, ‘ताई, ते...’ मी ताटावरचा हात काढून घेतला. तो म्हणाला, ‘अगं, ऐक तरी. शोधाची चौकट तेवढी बदलतोय. शब्दांना हात लावायचा नाही. मला दुसरंच विचारायचं होतं. वहीची शेवटची पानं अजून घातलीच नाहीत ना आपण?’

नव्हती घातली. साफसफाईत वही माळ्यावरून खाली आलीच होती. फराळाची ताटे बाजूला सारून मी ती उघडली. शेवटच्या पानांवर अक्षर वाकडे होत गेले आहे, काही ठिकाणी शाई पसरली आहे. मी वाचू लागले आणि तो टंकू लागला.

‘रोवळी. तांदूळ धुवायची. बुरूड आळीत मिळे. आता जाळीचे प्लॅस्टिक आणतात, ते वाईट नाही.’

‘वाईट नाही, हे पण लिहू?’

‘तिनं लिहिलंय ना!’

‘बरं. पुढचा?’